खानदेशातील काँग्रेस : नेते गेले, प्रश्न उरला

सोनगीर (ता. धुळे) : विधानसभा निवडणुकीतील पराभवानंतर पक्षाने प्रदेशाध्यक्ष बदलला, आत्मचिंतनाच्या बैठका घेतल्या, मतदारयाद्या आणि मतदान यंत्रांविषयी आक्षेप नोंदविले, मात्र खानदेशातील काँग्रेसची घसरण त्याने थांबली नाही. १ जुलै २०२५ रोजी धुळे ग्रामीणचे दोन वेळचे आमदार आणि प्रदेश कार्याध्यक्षपद भूषविलेले कुणाल पाटील यांनी मुंबईत भारतीय जनता पक्षात प्रवेश केला आणि तीन पिढ्या काँग्रेसशी जोडलेले जिल्ह्यातील प्रमुख घराणे पक्षापासून दूर झाले. त्यांचे आजोबा चुडामण पाटील हे १९६० च्या दशकात काँग्रेसचे धुळ्याचे खासदार होते, तर वडील रोहिदास पाटील यांनी राज्याच्या मंत्रिमंडळात दीर्घकाळ काम केले. रोहिदास पाटील यांचे सप्टेंबर २०२४ मध्ये निधन झाले. त्यानंतर दोन महिन्यांत पुत्राचा पराभव झाला आणि वर्ष उलटण्याआधीच पक्षांतरही झाले.

ही केवळ एका नेत्याच्या पक्षांतराची बातमी असती, तर चार दिवसांत विस्मरणात गेली असती. प्रश्न त्याहून मोठा आहे. मुंबई-आग्रा महामार्गावरील सोनगीरसारख्या, तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेल्या मोठ्या गावातील काँग्रेसच्या सामान्य कार्यकर्त्याने आता तलाठ्याच्या, विमा कंपनीच्या किंवा पाण्याच्या तक्रारीसाठी कोणाकडे जायचे? आजवर या प्रश्नाचे उत्तर एखाद्या नेत्याचे नाव हेच होते. ते नाव दुसऱ्या पक्षात गेल्यावर उत्तर काय, हे पक्षाला सांगता आलेले नाही. खानदेशातील काँग्रेसच्या नेतृत्वाचा आणि दिशेचा खरा पेच येथे आहे.

तीन हजार आठशे एकतीस मतांचा पडदा

पराभवाची चर्चा करण्याआधी एका विजयाकडे पाहणे आवश्यक आहे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत धुळे मतदारसंघात काँग्रेसच्या डॉ. शोभा बच्छाव यांनी भाजपचे तत्कालीन खासदार डॉ. सुभाष भामरे यांचा ३,८३१ मतांनी पराभव केला. शेजारच्या नंदुरबारमध्ये गोवाल पाडवी यांनी डॉ. हीना गावित यांना दीड लाखांहून अधिक मतांनी हरविले. राज्यात ४८ पैकी १३ जागा मिळवून काँग्रेस सर्वांत मोठा पक्ष ठरला होता. २०१९ मध्ये ज्या पक्षाला राज्यात अवघी एक जागा मिळाली होती, त्याला हे यश म्हणजे पुनर्जन्मच वाटला. विधानसभेत सत्ता आता आपलीच, अशी भावना पक्षात पसरली ती याच निकालाने.

परंतु धुळ्याच्या निकालाचे बारकावे वेगळेच सांगत होते. या लोकसभा मतदारसंघात सहा विधानसभा क्षेत्रे येतात : धुळे शहर, धुळे ग्रामीण, शिंदखेडा, मालेगाव मध्य, मालेगाव बाह्य आणि बागलाण. यांपैकी पाच क्षेत्रांत भाजप आघाडीवर होता. एकट्या मालेगाव मध्यने डॉ. बच्छाव यांना सुमारे १ लाख ९४ हजारांची आघाडी दिली आणि पाच ठिकाणची पिछाडी भरून काढली. तेथे काँग्रेसला १ लाख ९८ हजारांहून अधिक, तर भाजपला पाच हजारांहूनही कमी मते मिळाली होती.

ही मते काँग्रेसची होती का? सहा महिन्यांनी त्याचे उत्तर मिळाले. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत त्याच मालेगाव मध्यमध्ये काँग्रेसच्या उमेदवाराला साडेसात हजारांच्या आसपास मते मिळाली. लढत झाली ती एमआयएमचे मुफ्ती मोहम्मद इस्माईल आणि एकेकाळचे काँग्रेस आमदार आसिफ शेख यांच्यात. शेख यांनी स्थापन केलेल्या नव्या पक्षाच्या नावावर ही निवडणूक लढविली आणि ते अवघ्या १६२ मतांनी पराभूत झाले. जानेवारी २०२६ च्या मालेगाव महापालिका निवडणुकीतही याच दोन पक्षांनी पहिले दोन क्रमांक पटकावले. मालेगावच्या मतदाराने लोकसभेला भाजपविरोधी मतदान केले. काँग्रेसला त्याने आपला पक्ष मानले नाही.

या गणिताला इतिहासही आहे. मतदारसंघ पुनर्रचनेनंतरच्या पहिल्या, २००९ च्या निवडणुकीत काँग्रेसचे अमरीशभाई पटेल भाजपचे प्रताप सोनवणे यांच्याकडून १९ हजारांच्या फरकाने पराभूत झाले, तेव्हा मालेगावचे निहाल अहमद यांनी ७० हजारांहून अधिक मते घेतली होती. म्हणजे मालेगाव एकवटले तर जय, विभागले तर पराजय, हे सूत्र तेव्हाच स्पष्ट झाले होते. त्यानंतरच्या १५ वर्षांत धुळे, शिंदखेडा, बागलाण या ग्रामीण पट्ट्यात पक्षाची स्वतःची ताकद वाढविण्याचे काम होणे गरजेचे होते. ते झाले नाही. २०१४ मध्ये पटेल १ लाख ३० हजार मतांनी, तर २०१९ मध्ये कुणाल पाटील २ लाख २९ हजार मतांनी पराभूत झाले. २०२४ च्या विजयाने ही सारी उणीव झाकली गेली.

वीसपैकी एक

विधानसभेच्या निकालाने तो पडदा दूर झाला. धुळे जिल्ह्यातील पाचही जागा महायुतीकडे गेल्या. जळगाव जिल्ह्यातील ११ पैकी ११ जागाही महायुतीनेच जिंकल्या. नंदुरबार जिल्ह्यातील चारपैकी एका नवापूरमध्ये काँग्रेसचे शिरीष नाईक विजयी झाले, तेही १,१२१ मतांनी. खानदेशातील २० जागांपैकी महाविकास आघाडीच्या हाती लागलेली ही एकमेव जागा. राज्यात काँग्रेस ४४ वरून १६ वर आली. संगमनेरमध्ये बाळासाहेब थोरात आणि कराड दक्षिणमध्ये पृथ्वीराज चव्हाण यांच्यासारखे ज्येष्ठ नेते पराभूत झाले. तत्कालीन प्रदेशाध्यक्ष नाना पटोले साकोलीत २०८ मतांनी कसेबसे निवडून आले.

मात्र धुळे ग्रामीणचा निकाल अधिक बोलका आहे. २०१४ मध्ये कुणाल पाटील येथून सुमारे ४६ हजार मतांनी जिंकले होते. २०१९ मध्ये हे मताधिक्य साडेचौदा हजारांवर आले. २०२४ मध्ये भाजपचे राघवेंद्र तथा राम भदाणे यांनी त्यांना ६६ हजार ३२० मतांनी पराभूत केले. वरवर पाहता काँग्रेसचा मतदार निघून गेला, असे वाटते. प्रत्यक्षात काँग्रेसची मते पहिल्या निवडणुकीत १ लाख १९ हजार, दुसरीत १ लाख २५ हजार आणि तिसरीत १ लाख ४ हजार अशी राहिली. म्हणजे घट झाली ती सुमारे २१ हजारांची. याउलट भाजपच्या उमेदवाराची मते ७३ हजारांवरून १ लाख ११ हजार आणि तेथून १ लाख ७० हजारांवर पोहोचली.

याचा अर्थ काय? जुना काँग्रेस मतदार बव्हंशी जागेवर होता. नव्याने मतदानाला बाहेर पडलेला आणि पूर्वी इतरत्र विखुरलेला मतदार मात्र जवळपास संपूर्णपणे भाजपकडे गेला. यात 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेचा वाटा मोठा होता, हे नाकारता येणार नाही. ऑगस्ट २०२४ पासून महिलांच्या खात्यात दरमहा १,५०० रुपये जमा होऊ लागले होते. महाविकास आघाडीने जाहीरनाम्यात ३,००० रुपयांचे आश्वासन दिले. पण हातात पडलेले दीड हजार आणि कागदावरचे तीन हजार यांत मतदार कोणाची निवड करणार, हे वेगळे सांगायला नको. ज्या घरात पूर्वी मत कोणाला द्यायचे हे कर्ता पुरुष ठरवत असे, त्या घरातील महिलेशी थेट बोलणारी यंत्रणा काँग्रेसकडे नव्हती. गावातील प्रतिष्ठित मंडळींमार्फत मतदारापर्यंत पोहोचण्याची पक्षाची जुनी पद्धत येथे अपुरी पडली.

घराण्यांवर उभा राहिलेला पक्ष

ही पद्धत कशी रुजली, हे समजून घेतल्याशिवाय आजची पडझड उमगणार नाही. खानदेश आणि काँग्रेस यांचे नाते जुने आहे. डिसेंबर १९३६ मध्ये जळगाव जिल्ह्यातील फैजपूर येथे पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखाली झालेले अधिवेशन हे काँग्रेसचे ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन होते. स्वातंत्र्यानंतर या भागाने मधुकरराव चौधरी यांच्यासारखा विधानसभेचा अध्यक्ष आणि प्रतिभाताई पाटील यांच्या रूपाने देशाला राष्ट्रपती दिला. माणिकराव गावित नंदुरबारमधून सलग नऊ वेळा लोकसभेत गेले.

स्वातंत्र्योत्तर काळात पक्षाचा डोलारा सहकारी संस्थांवर उभा राहिला. सूतगिरणी, साखर कारखाना, बाजार समिती, जिल्हा बँक, शिक्षण संस्था आणि जिल्हा परिषद या सर्व ठिकाणी नेत्याची माणसे असत. शेतकऱ्याला पीक कर्ज, मुलाला महाविद्यालयात प्रवेश, पुतण्याला संस्थेत नोकरी अशी कामे त्या साखळीतून होत. त्या बदल्यात निवडणुकीत मते मिळत. धुळ्यात पाटील घराणे, शिरपुरात पटेल, रावेर परिसरात चौधरी, नवापुरात नाईक, नंदुरबारमध्ये गावित अशी ही व्यवस्था होती. पक्षाला वेगळी शाखा, वेगळे कार्यालय, वेगळा कार्यकर्ता घडविण्याची गरजच भासली नाही. नेत्याचा वाडा हेच पक्षाचे कार्यालय आणि नेत्याची संस्था हीच पक्षाची यंत्रणा, असे समीकरण झाले.

या व्यवस्थेची एक अट होती : मुंबईत सत्ता हवी. संस्थेला कर्जाची हमी, अनुदान, परवानगी लागते आणि ती सरकार देते. २०१४ मध्ये सत्ता गेली आणि साखळीतील पहिला दुवा निखळला. २०१९ च्या विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर अमरीशभाई पटेल यांनी भाजपमध्ये प्रवेश केला. त्यांच्यासोबत शिरपूरचे काँग्रेस आमदार काशिराम पावराही गेले. त्यानंतर शिरपूर तालुक्यात काँग्रेस नावापुरतीच उरली. जानेवारी २०२० च्या धुळे जिल्हा परिषद निवडणुकीत ५६ पैकी ३९ जागा भाजपने जिंकल्या. एके काळी जिल्हा परिषदेवर हुकमत गाजविणारी काँग्रेस सात जागांवर आली. धुळे महापालिकेत २०१८ मध्ये भाजपला ७४ पैकी ५० जागा मिळाल्या होत्या. जानेवारी २०२६ मध्येही पक्षाने बहुमत राखले. जळगावमध्ये माजी खासदार डॉ. उल्हास पाटील जानेवारी २०२४ मध्ये कन्येसह भाजपमध्ये दाखल झाले. कुणाल पाटील यांचे पक्षांतर ही या मालिकेतील अखेरची मोठी घटना आहे. ती अनपेक्षित होती, असे म्हणता येणार नाही.

पक्ष सोडणाऱ्यांना दूषणे देणे सोपे आहे. सत्तेचा मोह, संस्थांवरील दडपण, चौकशीचा धाक ही कारणे काँग्रेसचे नेते सांगतात आणि त्यांत तथ्य नाही, असे नाही. परंतु नेता गेल्यावर तालुक्यातील पक्षच शिल्लक राहत नसेल, तर दोष जाणाऱ्याइतकाच ती रचना वर्षानुवर्षे चालवून घेणाऱ्यांचाही ठरतो.

हाताचा पंजा नसलेली मतपत्रिका

दुसरा दोष आघाडीच्या राजकारणाचा आहे. २०२४ मध्ये धुळे जिल्ह्यातील पाचपैकी काँग्रेसने दोनच जागा लढविल्या : धुळे ग्रामीण आणि साक्री. धुळे शहर शिवसेनेच्या ठाकरे गटाला, शिंदखेडा राष्ट्रवादीच्या शरद पवार गटाला आणि शिरपूर भारतीय कम्युनिस्ट पक्षाला सोडण्यात आले. जळगावमध्ये ११ पैकी रावेर, भुसावळ आणि अमळनेर या तीनच जागा काँग्रेसच्या वाट्याला आल्या. नंदुरबारमधील चार धरल्या, तरी खानदेशातील २० पैकी ११ मतदारसंघांत मतदान यंत्रावर पंजा हे चिन्हच नव्हते.

आघाडीत जागा सोडाव्या लागतात, हे खरे. परंतु एखाद्या मतदारसंघात पाठोपाठच्या निवडणुकांत चिन्ह दिसले नाही, की तेथील कार्यकर्त्यासमोर दोनच मार्ग उरतात : घरी बसणे किंवा ज्याचे चिन्ह आहे त्याच्याकडे जाणे. जळगाव जिल्ह्यात हे पूर्वीच घडले. १९९९ नंतर आघाडीतील बहुतेक जागा राष्ट्रवादी काँग्रेसकडे गेल्या आणि फैजपूरचा वारसा सांगणारा पक्ष तीन-चार तालुक्यांपुरता आकसला. जागा सोडल्या तरी त्या भागात पक्षाचे काम सुरू राहील, अशी व्यवस्था कधी केली गेली नाही.

उमेदवार ठरविण्याची रीतही अशीच वरून खाली येणारी आहे. २०२४ च्या लोकसभेसाठी नाशिकच्या माजी महापौर असलेल्या डॉ. बच्छाव यांची उमेदवारी जाहीर झाली, तेव्हा बाहेरचा उमेदवार लादल्याची भावना धुळ्यात व्यक्त झाली आणि तत्कालीन जिल्हाध्यक्ष श्याम सनेर यांनी पदाचा राजीनामा दिला. निकाल पक्षाच्या बाजूने लागल्याने तो वाद विस्मृतीत गेला. पण जिल्हाध्यक्षाला उमेदवारीविषयी विश्वासात घेतले जात नसेल, तर त्या पदाला अर्थ काय, हा प्रश्न अनुत्तरितच राहिला.

सपकाळ यांच्यापुढील आव्हान

या पार्श्वभूमीवर १३ फेब्रुवारी २०२५ रोजी पक्षश्रेष्ठींनी नाना पटोले यांच्या जागी हर्षवर्धन सपकाळ यांची प्रदेशाध्यक्षपदी नियुक्ती केली. बुलडाणा जिल्हा परिषदेचे माजी अध्यक्ष आणि माजी आमदार असलेले सपकाळ सर्वोदयी विचारांचे कार्यकर्ते म्हणून ओळखले जातात. त्यांच्यामागे साखर कारखाना नाही, शिक्षण संस्थांचे जाळे नाही, राजकीय घराणे नाही. महाराष्ट्रातील काँग्रेसच्या परंपरेत ही निवड निराळी होती. मार्च २०२५ मध्ये त्यांनी मस्साजोग ते बीड अशी सद्भावना पदयात्रा काढून आपल्या राजकारणाची दिशाही सूचित केली.

तथापि, घराणे नसलेला अध्यक्ष नेमणे आणि घराण्यांविना चालणारा पक्ष उभारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला दिल्लीतील एक आदेश पुरतो. दुसरीला गावोगावची काही वर्षांची मेहनत लागते. सपकाळ यांच्या नियुक्तीनंतर अवघ्या साडेचार महिन्यांत कुणाल पाटील पक्ष सोडून गेले, यावरून नव्या अध्यक्षाच्या हाती किती कमी साधने आहेत, हे दिसले. रुसलेल्या नेत्याला देण्यासारखे मंत्रिपद नाही, महामंडळ नाही, संस्थेला मदत करण्याची ताकद नाही. अशा वेळी पक्षात थांबण्याचे एकच कारण उरते : पक्षाला काही सांगायचे आहे आणि ते आपण सांगितले पाहिजे, ही भावना. ती निर्माण करणे हेच नेतृत्वाचे काम आहे.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो विचारात घेण्यासारखा आहे. घराण्यांना सोडून काँग्रेस जिंकते तरी कोठे? नवापूरचे शिरीष नाईक हे सुरूपसिंग नाईक यांचे पुत्र. खासदार गोवाल पाडवी हे माजी मंत्री के. सी. पाडवी यांचे पुत्र. साक्रीत अवघ्या साडेपाच हजार मतांनी हरलेले प्रवीण चौरे माजी खासदार बापू चौरे यांच्या घरातील. जानेवारी २०२६ मध्ये लातूर महापालिकेत काँग्रेसने बहुमत मिळविले, तेही देशमुख कुटुंबाच्या प्रभावक्षेत्रात. मग आहे तो आधारही का सोडावा?

आधार सोडावा, असे कोणी म्हणणार नाही. प्रश्न आहे तो आधाराच्या जोडीला दुसरे काही आहे का, हा. रावेरमध्ये मधुकरराव चौधरींचे नातू धनंजय चौधरी २०२४ मध्ये ४३ हजार मतांनी पराभूत झाले, अक्कलकुव्यात के. सी. पाडवी तीन हजारांहून कमी मतांनी हरले. म्हणजे घराणे आता विजयाची हमी देत नाही. आणि घराणे पक्षात राहील की नाही, हेही पक्षाच्या हाती नाही. लातूरमध्ये घर टिकले म्हणून पक्ष टिकला; धुळ्यात घर गेले आणि पक्षही गेला. दोन्हीकडे निर्णय पक्षाचा नव्हता.

विचारायचे प्रश्न आहेत, विचारणारे कोठे?

दिशा म्हणजे केवळ डावी-उजवी विचारसरणी नव्हे. सोनगीर परिसरातील शेतकऱ्याच्या दृष्टीने दिशा म्हणजे कापूस, कांदा, पाणी आणि रोजगार यांवर पक्षाची ठाम भूमिका. या प्रत्येक विषयावर विरोधी पक्षाला बोलण्यासारखे खूप आहे.

केंद्राने २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये जाहीर केला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कापसावरील ११ टक्के आयात शुल्क माफ केले आणि ही सवलत पुढे डिसेंबरअखेरपर्यंत वाढविली. म्हणजे खानदेशातील कापूस घरात येण्याच्या काळात परदेशी कापसाला दार उघडे होते. डिसेंबर २०२३ मध्ये कांदा निर्यातीवर घातलेली बंदी मे २०२४ मध्ये, मतदानाच्या तोंडावर उठली. त्या काळातील तोटा बागलाण, मालेगाव, धुळ्याच्या कांदा उत्पादकांनी सोसला. लोकसभेला ही नाराजी महाविकास आघाडीच्या कामी आली. पुढच्या सहा महिन्यांत ती संघटित ठेवण्याचे काम मात्र कोणी केले नाही.

सोनगीरलगतच्या जामफळ धरणाचा समावेश असलेल्या सुलवाडे-जामफळ-कनोली उपसा सिंचन योजनेचे भूमिपूजन पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी १६ फेब्रुवारी २०१९ रोजी धुळ्यात केले. तापीचे पाणी उचलून धुळे आणि शिंदखेडा तालुक्यांच्या कोरडवाहू शेतीला देण्याची ही योजना. मनमाड-इंदूर या ३०९ किलोमीटरच्या रेल्वेमार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने २ सप्टेंबर २०२४ रोजी, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, १८ हजार ३६ कोटी रुपयांची मंजुरी दिली. ही दोन्ही कामे या भागासाठी मोलाची आहेत आणि त्यांचे श्रेय सत्ताधारी घेणारच. विरोधी पक्षाचे काम श्रेय नाकारण्याचे नसून हिशेब मागण्याचे आहे. कोणते काम किती झाले, जमीन गेलेल्यांचा मोबदला पूर्ण मिळाला का, पाणी कोणत्या गावाला कधी पोहोचणार, हे प्रश्न ग्रामसभेत, पंचायत समितीत आणि सिंचन विभागाच्या कार्यालयात सातत्याने विचारले गेले पाहिजेत. त्यासाठी आमदार लागत नाही. कागदपत्रे वाचणारे, अर्ज करणारे आणि पाठपुरावा सोडून न देणारे दहा कार्यकर्ते लागतात.

प्रतिस्पर्ध्याकडून घेण्याचा धडा

हे अशक्य आहे, असे मानणाऱ्यांनी आपल्याच जिल्ह्याचा इतिहास आठवावा. काँग्रेसचा बोलबाला असताना १९५७ मध्ये धुळ्यातून भारतीय जनसंघाचे उत्तमराव पाटील लोकसभेवर निवडून गेले होते. १९६२ मध्ये ही जागा काँग्रेसने परत घेतली आणि त्यानंतर जनसंघाला व पुढे भाजपला या मतदारसंघात स्वतःच्या चिन्हावर विजय मिळविण्यासाठी १९९६ पर्यंत वाट पाहावी लागली. जवळपास साडेतीन दशके हा पक्ष येथे हरत होता. सत्ता नव्हती, संस्था नव्हत्या, मोठी घराणी नव्हती. तरीही शाखा, बैठका आणि कार्यकर्ता टिकून राहिला. भाजपच्या आजच्या बळामागे सत्ता आणि साधनसंपत्ती आहे, हे खरे; पण ती येण्याआधीही पक्ष होता.

याच भाजपमध्ये आज वेगळी परिस्थिती निर्माण होत आहे. धुळे ग्रामीणमध्ये एकमेकांविरुद्ध तीन निवडणुका लढलेली भदाणे आणि पाटील ही दोन्ही घराणी आता एकाच पक्षात आहेत. शिरपुरातील पटेल, जळगावातील डॉ. पाटील तेथेच आहेत. इतक्या नेत्यांना उमेदवाऱ्या आणि पदे पुरणार नाहीत, हे उघड आहे. विरोधकांची जागा रिकामी आहे म्हणून असंतोष संपत नाही. तो तात्पुरता मुका होतो. अशा नाराजांपैकी कोणी उद्या काँग्रेसच्या दारी आला, तर पक्ष त्यालाच पुन्हा जिल्ह्याचा सर्वेसर्वा करणार का? तसे झाले, तर चक्र पुन्हा तेथूनच सुरू होईल.

म्हणून पक्षाने आपला निर्धार तपासून पाहण्याची वेळ विधानसभेआधी, जिल्हा परिषद आणि पंचायत समितीच्या निवडणुकीत येते. धुळे जिल्हा परिषदेच्या सभागृहाची मुदत २०२५ च्या प्रारंभी संपली. या जिल्ह्यातील प्रत्येक गणात काँग्रेसने स्वतःच्या चिन्हावर स्थानिक, शक्यतो तरुण आणि महिला उमेदवार उभे करायचे ठरविले, तर त्यांतील अनेक पराभूत होतील. पण पाच वर्षे लोकांमध्ये राहणारी शंभर-दीडशे माणसे पक्षाला मिळतील. जिल्हाध्यक्षाला ठरावीक मुदत, उमेदवार निवडीत अधिकार आणि कामाचा हिशेब देण्याचे बंधन या तीन गोष्टी प्रदेश नेतृत्वाला एका ठरावाने करता येतील. मालेगावच्या मुस्लिम मतदाराकडे केवळ लोकसभेच्या वेळी न जाता, त्याच्या यंत्रमागाच्या विजेचा आणि शहराच्या नागरी सुविधांचा प्रश्न मधल्या काळातही मांडावा लागेल. अन्यथा ३,८३१ मतांचा चमत्कार दुसऱ्यांदा घडेलच, याची खात्री देता येणार नाही.

धुळे ग्रामीणमध्ये पराभवातही १ लाख ४ हजार मतदारांनी काँग्रेसला मत दिले होते. त्यांतील काही घराण्यासोबत गेले असतील, काही गप्प बसले असतील. परंतु एवढे मतदार असलेल्या भागात पक्ष संपला, असे म्हणणे घाईचे ठरेल. त्या मतदारांशी आता पक्षाच्या वतीने कोण बोलणार, एवढाच प्रश्न आहे. त्याचे उत्तर मुंबईच्या टिळक भवनात किंवा दिल्लीत शोधण्यात पक्षाने बराच काळ घालविला. ते गावातच शोधावे लागेल आणि त्यासाठी पुढच्या निवडणुकीची वाट पाहण्याचे कारण नाही.